जुनी पिकअप आणि भविष्य निर्वाह निधी

पदवी परीक्षेचे निकाल लागून चार-सहा महिने उलटले, की तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांत अध्यापकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुधा विद्यार्थ्याचे वडील असतात. कोणी प्राथमिक शिक्षक, कोणी तहसील कचेरीतील अव्वल कारकून. मुलाला नोकरी लागण्याचे चिन्ह नाही, स्पर्धा परीक्षांचे दोन-तीन प्रयत्न होऊन गेले आहेत, आणि कोणीतरी सुचविले आहे की त्याला एखादी जुनी डिझेल पिकअप घेऊन द्यावी. भाजीपाला, सिमेंट, पेंड, खताची पोती, जे मिळेल ते तो वाहील आणि आपल्या पायावर उभा राहील. गाडी आठ-दहा वर्षांची आहे, चार लाखांत मिळते, भविष्य निर्वाह निधीतून तेवढी रक्कम काढता येते. मग घ्यावी की न घ्यावी?

अर्थशास्त्राच्या अध्यापकाकडून या प्रश्नाचे उत्तर मिळावे ही अपेक्षा मुळीच गैर नाही. पंचवार्षिक योजनांवर तास घेणाऱ्याला चार लाखांच्या व्यवहारावर बोलता येत नसेल तर त्या विद्येचा उपयोग काय? तथापि उत्तर गाडी पाहून द्यावयाचे नसते. ते कामाकडे पाहून द्यावयाचे असते. बाजारात मात्र नेमके उलटे घडते. गाडी आधी ठरते, आणि काम मिळेलच असे गृहीत धरले जाते.

या वाहनप्रकाराने आपल्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत जे काम केले त्याचे श्रेय त्याला अवश्य दिले पाहिजे. १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने हलकी मालवाहू वाहने काढणाऱ्या कंपन्या देशात उभ्या राहिल्या. त्यांच्याशी स्पर्धा करण्यासाठी १९८६ साली पुण्यातून टाटांची ४०७ बाहेर पडली. महिंद्रांच्या पिकअप गाड्यांनी पुढे घाटमाथ्यापासून मराठवाड्यापर्यंतच्या कच्च्या वाटा काबीज केल्या, आणि २००५ साली आलेल्या टाटा एसला तर लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे घरचे नावच देऊन टाकले. नारायणगावचा टोमॅटो आणि लासलगावचा कांदा बाजार समितीच्या आवारात वेळेवर पोहोचविण्यात या लहान वाहनांचा वाटा मोठा आहे. ट्रक भरेल इतका माल ज्याच्याकडे नाही त्या लहान शेतकऱ्याला त्यांच्यामुळे बाजार जवळ आला. तेव्हा पिकअपचा धंदा हा काही हवेतला धंदा नव्हे. प्रश्न एवढाच, की त्या धंद्यात आणखी एका जुन्या गाडीला जागा आहे काय, आणि असल्यास कोणाच्या दारी.

थोडे आकडे मांडून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचे आकडे घालावेत. समजा, जुनी गाडी चार लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी ती दीड लाखाला विकली. म्हणजे वर्षाला पन्नास हजारांची घट झाली. चार लाख निधीतच राहिले असते तर सात टक्के दराने वर्षाला अठ्ठावीस हजार व्याज मिळाले असते. तेही खर्चातच धरले पाहिजे, कारण बुडालेले व्याज कोणी मागायला येत नसले तरी ते बुडालेलेच असते. विमा, कर आणि योग्यता प्रमाणपत्र यांचे तीस हजार, व जुन्या गाडीच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी वर्षाला साठ हजार धरू. एकूण एक लाख अडुसष्ट हजार. गाडी दारात उभी राहिली तरी यातील बराचसा खर्च चुकत नाही.

आता चालविण्याचा खर्च. डिझेल नव्वद रुपये लिटर आणि लिटरला बारा किलोमीटर असे धरले तर किलोमीटरला साडेसात रुपये. ऑइल व टायर मिळून नऊ. भाडे किलोमीटरला वीस रुपये मिळाले तर प्रत्येक किलोमीटरमागे अकरा रुपये सुटतात. महिन्याचे सव्वीस दिवस, वर्षाचे तीनशे बारा दिवस गाडी बाहेर पडली, तर केवळ वरचा खर्च निघण्यासाठी रोज पन्नास किलोमीटर भाड्याचे काम हवे. आणि यात मुलाच्या श्रमाचा एक पैसाही धरलेला नाही! त्याची मजुरी महिना बारा हजार धरली, आणि तेवढी तर धरलीच पाहिजे, तर वर्षाचा एकूण बोजा तीन लाख बारा हजारांवर जातो. हिशेब सोपा होतो: रोज एक हजार रुपये सुटले पाहिजेत. म्हणजे रोज एक्क्याण्णव किलोमीटर, तेही जाण्यायेण्याचे पूर्ण भाडे मिळाले तर. तीन किलोमीटरांपैकी एक किलोमीटर जरी रिकामा धावावा लागला तरी तिन्हींचे मिळून तेराच रुपये सुटतात, आणि तेच हजार रुपये सुटण्यासाठी रोज दोनशे तीस किलोमीटर गाडी पळवावी लागते. एवढे काम आठ-दहा वर्षांच्या गाडीकडून आणि एका चालकाकडून वर्षभर करवून घेणे दुष्करच. या व्यवहारातील नफा-तोटा इंजिनावर जितका अवलंबून आहे त्याहून अधिक परतीच्या मालावर अवलंबून आहे. गाडी दाखविणारा दलाल इंजिनाचा आवाज ऐकवतो. परतीच्या मालाविषयी तो बोलत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग नवीच गाडी घ्यावी. दहा लाखांची नवी गाडी पाच वर्षांनी पाच लाखांना गेली असे समजू. घट एक लाख, व्याज सात टक्क्यांनीच धरले तर सत्तर हजार, विमा व कर पंचेचाळीस हजार, दुरुस्ती वीस हजार. बेरीज दोन लाख पस्तीस हजार. किमतीत सहा लाखांचा फरक, पण वार्षिक खर्चात फरक फक्त सदुसष्ट हजारांचा! रोज हजार रुपये सुटत असतील तर जुनी गाडी नवीपेक्षा वर्षात सदुसष्ट दिवस अधिक काळ गॅरेजमध्ये पडून राहिली, की दोन्हींचा हिशेब बरोबर होतो. टोमॅटोच्या हंगामात तीन दिवस गाडी बंद पडली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते आणि परत येत नाही, हे नुकसान तर यात आलेच नाही.

परंतु या हिशेबावरून नवी गाडीच शहाणपणाची असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. नव्या गाडीचे व्याज आपण निधीच्या दराने धरले. प्रत्यक्षात ती कर्जानेच येते, आणि कर्जाचा हप्ता पाऊस ओळखत नाही. आषाढ-श्रावणात भाडी थंडावतात, कांद्याचे भाव कोसळले की माल हलत नाही, एखाद्या वर्षी दुष्काळ पडतो. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला हजर असतो. जुनी गाडी स्वतःच्या पैशाने घेतलेली असेल तर काम नसलेल्या महिन्यात ती दारात उभी करता येते. नव्या गाडीचे दुखणे नियमित व अटळ, तर जुन्या गाडीचे अनियमित व काही अंशी पुढे ढकलता येण्यासारखे असते. म्हणून ज्याचे काम बांधलेले आहे, दूध संघाची फेरी किंवा एखाद्या कारखान्याचा करार हाती आहे, त्याने नवी घ्यावी. ज्याचे काम बेताचे पण ठाऊक आहे, घरची दहा एकर बागायत आहे आणि शेजाऱ्यांचा माल आहे, त्याला जुनी गाडी शोभते. ज्याचे काम महिन्याला चार-पाच फेऱ्यांपलीकडे नाही त्याने भाड्याची गाडी बोलवावी. त्यात कमीपणा नाही. आणि जुनी गाडी कर्ज काढून घेणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. जुन्या वाहनावरील कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो, आणि हप्ता व दुरुस्ती ही दोन्ही दुखणी एकाच घरात शिरतात. निधीतून पैसे काढणे हेही एक प्रकारे कर्जच आहे; ते आपण आपल्याच म्हातारपणाकडून घेतलेले असते.

डिझेल स्वस्त म्हणून डिझेल गाडी, हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. एके काळी तो खरा होता. जानेवारी २०१३ पासून सरकारने डिझेलचे दर दरमहा थोडेथोडे वाढविण्यास परवानगी दिली, ऑक्टोबर २०१४ मध्ये दर नियंत्रणमुक्त केले, आणि जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल काही काळ पेट्रोलपेक्षा महाग झाले होते. डिझेल इंजिनाची ओढण्याची ताकद आणि लिटरमागे मिळणारे अधिक अंतर हे फायदे आजही आहेत. पण ते भरलेल्या गाडीच्या लांबच्या फेरीत दिसतात. गावातल्या गावात चार पोती नेण्यासाठी ते कशाला हवेत?

जुन्या डिझेल गाडीच्या बाजूने एक मुद्दा मात्र असा आहे की जो नागर मंडळी सहसा ध्यानात घेत नाहीत. ती गावात दुरुस्त होते. यांत्रिक पंपाची जुनी इंजिने तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीला उघडता येतात. सुटे भाग, अस्सल म्हणा वा नक्कल, आठवडी बाजाराच्या गावीही मिळतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि डिझेल इंजिनाला सेन्सर, काजळी अडविणारी गाळणी व संगणकी नियंत्रण यांची जोड आली. धुराच्या दृष्टीने हा बदल निःसंशय इष्ट होता. पण अशी गाडी अडली तर तिला यंत्र लावून दोष वाचावा लागतो, आणि ते यंत्र व ते वाचणारा माणूस बहुधा जिल्ह्याच्या गावी असतो. चाळीस किलोमीटर गाडी ओढून नेण्याचा खर्च सोसणाऱ्यालाच साध्या इंजिनाची किंमत कळते. ‘जुने ते सोने’ ही म्हण वाहनांना लागू नाही. तरी जे दुरुस्त होते त्याचे मोल ओळखणे हा मागासलेपणा नव्हे.

आता मुख्य अडचण. विकणाऱ्याला गाडी ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच विषयावर, जुन्या मोटारींच्या बाजारावर, एक निबंध लिहिला. प्रसिद्ध होण्यापूर्वी तो अनेक नियतकालिकांनी परत केला होता. २००१ साली त्याच विचाराबद्दल लेखकाला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचे सार असे: चांगली व वाईट गाडी बाहेरून ओळखता येत नसेल, तर गिऱ्हाईक दोहोंच्या मधली किंमत देऊ करते. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायला तयार होत नाही, वाईट गाडीचा मालक मात्र आनंदाने होतो. हळूहळू चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि वाईटच उरतात. आपल्याकडे रंग दिलेल्या, नवे सीट कव्हर घातलेल्या आणि किलोमीटरचा काटा मागे फिरविलेल्या गाड्यांच्या रांगेत उभे राहिले, की हा सिद्धांत पुस्तकातून उतरून समोर येतो.

यावर आपल्या समाजाने पूर्वापार शोधलेला उपाय म्हणजे ओळख. पाहुण्यांपैकी कोणाची गाडी, ज्या मिस्त्रीने ती सहा वर्षे सांभाळली तो आपल्याच गावचा, ती काय वाहत होती हे सर्वांना ठाऊक. अशा गाडीला पन्नास हजार अधिक मोजावे लागले तरी ते गाडीसाठी मोजलेले नसतात. ते माहितीसाठी मोजलेले असतात, आणि स्वस्तच पडतात. कोकणात मासळी वाहिलेली गाडी वरून चकचकीत असली तरी खारट पाण्याने तिची चासी खालून खाल्लेली असू शकते. वाळू व खडी वाहिलेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात, आणि पाट्यांच्या आधारांजवळ चासीला वेल्डिंगचा सांधा सापडला तर पुढे पाहू नये. गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ती सुरू करून ठेवलेली असेल तर का, ते विचारावे. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर आतून धुराचे जोरदार झोत येऊ लागले, की बोअर व रिंगा झिजल्या असे बहुधा समजावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. हे सारे मिस्त्रीला ठाऊक असते. मात्र तो विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री नसावा.

कागदपत्रांविषयी थोडेच सांगतो. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा गाडीच्या नोंदणी पुस्तकावरही असतो; वित्तसंस्थेचे नाव उतरल्याखेरीज पैसे देऊ नयेत. इंजिन व चासीचे क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावेत आणि थकलेली ई-चलाने आधी भरून घ्यावीत. नाव बदलण्याचे ‘पुढे पाहू’ म्हणून चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा व घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नोंद करावयाची असते, आणि नोंदणीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पिकअपमध्ये मजूर बसतात, लग्नाचे वऱ्हाड बसते, देवदर्शनाला गाव बसते. मालवाहू गाडीचा विमा मालाबरोबर असलेल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला संरक्षण देतो. फुकट बसलेल्या उतारूंना देत नाही. एका वळणावरचा एक अपघात आणि चार लाखांच्या गाडीमागे घर-शेत विकण्याची पाळी, असे होऊ शकते. मुलाला किल्ली देण्यापूर्वी हे सांगणे बापाचे काम आहे.

सरकारी धोरणाचा विचार केल्याशिवाय आज कोणतीही जुनी गाडी घेता येत नाही. मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी घ्यावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरील व्यवसायिक वाहनांवर पर्यावरण कर आहे. मोडीत काढण्याचे धोरण २०२१ मध्ये आले आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांचे शुल्क अनेक पटींनी वाढले. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ च्या जुलैत अशा वाहनांना इंधनच न देण्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि काही दिवसांतच थांबवावी लागली. तो नियम आपल्याकडे नाही. पण तिकडे नकोशा झालेल्या गाड्या ना हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विक्रीला येतात, आणि स्वस्ताईच्या मोहाने त्या घेणारेही भेटतात.

धुराचा प्रश्न खोटा नाही. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले. जुन्या गाडीच्या स्वस्ताईचा काही भाग रस्त्याकडेच्या शाळेतील मुले आपल्या फुप्फुसांनी भरत असतात. आमची शाखा याला बाह्य खर्च म्हणते. शब्द सौम्य आहे. तरीही वय हाच एकमेव निकष मानणे अन्यायाचे वाटते. नीट सांभाळलेली बारा वर्षांची गाडी आणि अतिभाराने मोडलेली सहा वर्षांची गाडी यांत धोकादायक कोणती, हे जन्मतारीख पाहून कळत नाही. तपासणी केंद्रे यंत्राने चालावीत हे योग्यच. पण ती तपासणी सरकारला हवी तेव्हा होते, घेणाऱ्याला हवी तेव्हा नाही. वाहन नोंदणीच्या संगणकी नोंदींत मालक, विमा, बोजा सारे दिसते. रिंगा झिजल्याचे मात्र दिसत नाही, आणि चार लाख तेथेच बुडतात.

यावर एक उपाय हाताशी आहे. राज्यातील अनेक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो. तेथे निदेशक आहेत, उपकरणे आहेत, आणि हात काळे करण्यास उत्सुक मुले आहेत. आठवड्यातून एक दिवस या संस्थांनी शुल्क घेऊन जुन्या वाहनांची खरेदीपूर्व तपासणी करावी, दाबमापकाने सिलिंडरचा दाब मोजावा, चासी खालून पाहावी आणि शिक्क्यानिशी लेखी अहवाल द्यावा. विकणाऱ्याने गाडी तेथे आणण्यास नकार दिला तर तोही एक अहवालच समजता येईल. विद्यार्थ्यांना खऱ्या गाड्यांवर शिकायला मिळेल, संस्थेला चार पैसे मिळतील, आणि अव्वल कारकुनाला मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे पाहून निधीचा अर्ज भरावा लागणार नाही. यासाठी नवा कायदा नको, नवे खाते नको. संचालनालयाचे एक परिपत्रक पुरेल. शुल्क हजार रुपये ठेवले तरी कोणी कुरकुर करणार नाही. पिकअपचा एक टायरही तेवढ्यात येत नाही.